ऐकलेला प्रोग्राम

वाशीच्या बस डेपोमागे स्कूटर दुरुस्त करणारा एक मेकॅनिक होता. गाडी चालू करायला सांगून तो डोळे मिटायचा, मान तिरकी करून इंजिन ऐकायचा आणि मगच पान्याला हात लावायचा. काम करता करता त्याची एकच गोष्ट चालायची: काही वर्षांपूर्वी मुंबईत झालेला एका परदेशी पॉप बँडचा प्रोग्राम.

"मी तो ऐकलाय, साहेब. तिसऱ्या गान्यात ड्रमवाला एकदम थांबला. सगली पब्लिक गप. आनि मंग..." पुढचं तो पान्याने स्कूटरच्या पत्र्यावर वाजवून दाखवायचा.

त्या प्रोग्रामला मीही होतो, तिकीट काढून, पुढच्या रांगेत. एका रविवारी चार गिऱ्हाइकं उभी असताना मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी विचारलं, "गाणाऱ्याने कपडे कुठल्या रंगाचे घातले होते?"

त्याचा हात थांबला. "ते नाय म्हाईत. आमी भिंतीच्या भाईर उभे होतो."

"म्हणजे इतके दिवस थापाच की!" मी म्हणालो. सगळे हसले.

त्यानंतरही त्याने माझी स्कूटर तितक्याच मन लावून दुरुस्त केली, पण पत्रा पुन्हा वाजला नाही. गाणाऱ्याचा पांढरा कोट मला आजही लख्ख दिसतो. गाणं मात्र एकही आठवत नाही. आणि फार उशिरा ध्यानात आलं, की तो कधीच "पाहिलाय" म्हणाला नव्हता. दर वेळी "ऐकलाय" म्हणायचा.