वरून टाकलेली भाकर

दोन हजार एकोणीस साल. मी बहात्तर वर्षांचा. अहमदपूरकडच्या एका गावात, एका मोठ्या शेतकऱ्याच्या ओट्याखाली मी गात बसलो होतो. अन् वरून माझ्या उपरण्यात भाकर पडली.

आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी गाणारा. या कामाआधी दोन पिच्चरमध्ये दिसलो. शेवटी नावं येतात ती नातीनं वाचली. "आबा, तुमचं नाव न्हाई. नुसतं 'भिकारी म्हातारा' लिवलंय." तवापासून पिच्चर बंद.

मग ही मुंबईची बाई आली. "बाबा, ही डॉक्युमेंट्री आहे. यात सगळं खरं असतं."

खरं म्हणल्यावर गेलो. खळ दिलेला पांढरा सदरा, निळा फेटा, हातात तुणतुणं. तिनं बघितलं अन् तोंड वाकडं केलं. "हे फार नवं दिसतंय." पेटीतून फाटकं धोतर काढून मला नेसायला लावलं. माझ्या तोंडाला राखाडी पावडर फासली.

मी नऊ वर्षांचा असताना आमच्या घरानं धम्म घेतला. त्याआधी बाप असाच ओट्याखाली बसून गायचा. विटाळ नको म्हणून लोक वरून भाकर टाकायचे. दीक्षा घेऊन आला अन् म्हणाला, "आता उभ्यानं गायचं." तवापासून आमच्यात कुणी बसून गात नाही.

हे मी बाईला सांगितलं. "हो हो," म्हणाली. "आत्ता फक्त आवाज तपासायचाय. बसूनच दोन ओळी म्हणा." मांडीवर उपरणं तिनंच पसरलं. कॅमेरा चालू होता.

भाकर पडली. बाई खूश. "सुंदर! आता वर बघा बाबा. उपकार मानल्यासारखं."

उठलो. भाकर ओट्यावर ठेवली.

घरमालक वरून हसला. "आरं म्हाताऱ्या, खोटं खोटंच हाय की!"

"खोटं हाय ना? मग तू बस खाली. मी टाकतो."

त्याचं हसू गेलं.

बाई म्हणाली, "तुमच्या लोकांचं दुःख जगाला दाखवायचंय, बाबा."

"उभा राहून गातो. दाखवा."

"त्यात काय दाखवणार?"

थुंकावं वाटलं. उभा माणूस यांच्या कामाचा न्हाई. आम्ही बसलो, वाकलो, हात पसरला, की यांचं चित्र सुंदर.

"ते चित्र पुसा," म्हणलं.

"बघू," म्हणाली अन् गाडीत बसली.

घरी साबणानं तोंड घासलं. पावडरीचा वास गेला नाही. अन् ते चित्र नातीच्या पुढं आलं तर? 'भिकारी म्हातारा' तिनं एकदा वाचलंय. आता डोळ्यांनी बघायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस्टीनं अहमदपूर गाठलं. खळीचा सदरा, निळा फेटा. बाई अन् तिची माणसं उतरली होती त्या लॉजच्या दारात, त्यांच्या गाडीपुढं उभा राहिलो. बाई खाली आली.

"माझ्यादेखत पुसा. तवर गाडी हलायची न्हाई."

तुणतुणं लावलं. गायला लागलो. उभ्यानं.