कानातले खडे आणि सिहोऱ्याची शिफ्टगाडी

"तुमच्या कानातले खडे सरकले आहेत," डॉक्टर म्हणाले, आणि मी लगेच कानात बोट घालून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.

डॉक्टर हसले. ते खडे पार आतल्या कानात असतात म्हणे. चुन्याचे अगदी बारीक कण, प्रत्येकाच्याच कानात असतात आणि आपला तोल सांभाळतात. ते जागा सोडून शेजारच्या नळीत शिरले, की नुसती मान वळवली तरी मेंदूला वाटतं आपण गरगर फिरतोय. या आजाराला बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो म्हणतात. बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेला, पॅरॉक्सिस्मल म्हणजे अचानक येणारा, पोझिशनल म्हणजे डोकं कसं ठेवलं त्यावर अवलंबून, आणि व्हर्टिगो म्हणजे चक्कर. नाव ऐकूनच मला अर्धी चक्कर आली.

"जिवाला काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण चक्कर पूर्ण थांबेपर्यंत गाडी चालवायची नाही."

पहिल्या वाक्याला माझ्या बायकोनं, कुंदानं, देवाला हात जोडले. दुसरं वाक्य ऐकून मी खुर्चीतच बसून राहिलो. कारण मी ड्रायव्हर आहे. सिहोऱ्याहून चिखल्याच्या खाणीवर कामगार नेणारी खासगी शिफ्टगाडी चालवतो, आणि ती सोडून मला दुसरं काहीही येत नाही.

सुरुवात झाली ती पहाटे अंथरुणात. कूस बदलली आणि खोली फिरायला लागली. छत इकडून तिकडे, खिडकी वर, पंखा बंद असूनही चालू. सवयीनं मी ब्रेक दाबला आणि डाव्या हातानं हँडब्रेक जोरात ओढला. हँडब्रेक किंचाळला. तो कुंदाचा हात होता.

"काय करून राहिले?" ती म्हणाली.

"गाडी घसरून राहिली," मी म्हणालो.

पहिले काही दिवस मी पित्त समजून जिरं चघळलं. तुम्हाला असं झालं तर जिरं चघळत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. मी गेलो तेही कुंदानं माझ्याकडची गाडीची चावी तिच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवून कुलूप लावलं म्हणून.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाहेर बाकावर खूप वेळ बसलो. नर्स बाई "वासुदेव, वासुदेव" म्हणून हाका मारत होत्या आणि कोणीच उठत नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला. एवढी गर्दी, आणि हा बाबा कुठं चहा पीत बसलाय कोण जाणे. शेवटी कुंदानं कोपर मारलं.

"तुमालेच बलावून राहिल्या."

खरंच की, माझंच नाव. सिहोऱ्यात मला लहानथोर सगळे ड्रायव्हर म्हणतात. कुंदाला ड्रायव्हरीन बाई म्हणतात. आमच्या दारावरून जाणारा रस्तासुद्धा ड्रायव्हरच्या घराकडचा. वासुदेव हे नाव आई गेली तेव्हापासून मी कोणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. कुंदा तर माझं नाव लग्नात उखाण्यापुरतं घेऊन मोकळी झालेली.

आत डॉक्टरांनी बीपी पाहिलं, शुगर पाहिली, मग पोझिशन टेस्ट केली. म्हणजे मान एका बाजूला वळवून मला झटक्यात मागं आडवं केलं आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले. माझी बुबुळं आपोआप नाचायला लागली. याला निस्टॅग्मस म्हणतात, आणि त्यावरून कुठल्या कानात गडबड आहे ते कळतं. बुबुळं नाचताहेत हे पाहून डॉक्टरांना फार आनंद झाला. मी मात्र टेबलाची कड सोडायला तयार नव्हतो.

मग रिपोझिशनिंग मॅन्युव्हर. नाव मोठं आहे, पण काम साधं. डोकं ठरावीक क्रमानं वळवत वळवत खडे परत जागेवर न्यायचे. डावीकडे थांबा, उजवीकडे वळा, कुशीवर या, आता उठून बसा. मला तर ते अरुंद गल्लीतून गाडी मागे घेण्यासारखं वाटलं, आणि मी डॉक्टरांना "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत राहिलो. एकदा करून भागलं नाही तर पुन्हा करावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं.

गावात आल्यावर मी एक चूक केली. कानात खडे निघाले असं सांगून टाकलं. आमच्याकडे खडा निघाला म्हणजे मुतखडा, हे ठरलेलं. संध्याकाळपर्यंत शेजारणीनं कुळथाचा काढा आणला, तिच्या जावेनं पानफुटीची पानं. काढा प्यायचा की कानात घालायचा यावर अंगणात मतभेद झाले. मी पिऊन टाकला. त्यानं कानाला काही झालं नाही, बाकी सगळं मोकळं झालं.

खाणीवरच्या लोकांचं वेगळंच. ही माणसं दिवसभर जमिनीखाली काळं मँगनीज काढतात, त्यांना गोटा दिसला की आधी त्याचा दर्जा दिसतो. माझ्या गाडीत सगळ्यात पुढं बसणारे नामदेवभाऊ मुद्दाम भेटायला आले.

"ड्रायव्हर, रंग कोनता हाय गोट्याचा?"

"मले काय माहीत?"

"काळा असन तर सांगजो. कंपनी तुह्या कानाचं लीज घेते." मग थोडं थांबून म्हणाले, "सुरुंग नोको लावू देजो फक्त."

मी घरी बसलो. हे वाक्य लिहायला सोपं आहे. माझ्या जागी अण्णाजी नावाचे एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर गाडीच्या मालकांकडची दुसरी चावी घेऊन बदलीवर आले. रोज सकाळी घराजवळच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ते गिअर टाकायचे तेव्हा जो आवाज यायचा, तो मला खाटेवर ऐकू यायचा आणि माझे दात आंबायचे. मी तिथूनच क्लच दाबायचो. कुंदानं पायाशी उशी ठेवली, भिंतीचे पोपडे निघायला लागले म्हणून.

मग तिनं मला ब्लाऊजला हूक लावायला बसवलं. ती सिहोऱ्यातले निम्मे ब्लाऊज शिवते. मी हूक उलटे लावले. एक बाई येऊन म्हणाली, "ड्रायव्हरीन बाई, ह्या ब्लाऊजचं दार बाहेरून लागते."

एका दुपारी मी कुंदाला विचारलं, "मी गाडी सोडली तं मी कोन?"

ती दोरा ओवत होती. म्हणाली, "तुमचं पाहू मंग. मले काय म्हनतीन मानसं, थे सांगा आधी." हे ती थट्टेनं म्हणाली, पण दोरा तीनदा सुईबाहेर गेला. मला फार वाईट वाटलं. माझं ड्रायव्हर हे नाव गेलं तर तिचं ड्रायव्हरीन बाईही जात होतं, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हळूहळू चक्कर थांबली. कूस बदलली तरी छत जागेवर. मी मालकांना निरोप पाठवला, उद्यापासून येतो. डॉक्टरांनी आधी दाखवून जा म्हटलं होतं. ते मी सोयीनं विसरलो.

सकाळी गाडी भरली. नामदेवभाऊ पुढं बसले. सगळ्यांनी ड्रायव्हर आला, ड्रायव्हर आला केलं, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मी रोजच्यासारखी उदबत्ती लावली. काचेच्या वर, अगदी छताला लागून, देवाचा फोटो आहे. हात जोडून, मान मागे टाकून त्याच्याकडे पाहिलं, आणि देव फिरायला लागला.

मी डोळे मिटून स्टिअरिंग घट्ट धरलं. मागच्यांना वाटलं ड्रायव्हर मनापासून प्रार्थना करून राहिला. बऱ्याच दिवसांनी आला, करू द्या. एकेकानं हात जोडले. कोणीतरी आरती सुरू केली. अख्खी गाडी टाळ्या वाजवत होती आणि मी तिच्यात एकटाच फिरत होतो.

मग सगळं थांबलं. कोणाला काही कळलं नव्हतं. चावी फिरवली असती तरी कळलं नसतं. पण पुढं तळ्याची अरुंद पाळ होती, आणि मागे ही सगळी माणसं माझ्या भरवशावर डबे मांडीवर घेऊन बसली होती. मला भीती वाटली. लाजही वाटली.

मी चावी काढली आणि मागे वळून म्हणालो, "मी नाई नेत आज. चक्कर आली मले. अण्णाजीले बलवा."

नामदेवभाऊ म्हणाले, "बरं झालं बाप्पा सांगतलं." अण्णाजी तोंडात दातून धरून आले. शिफ्टला उशीर झाला, पण मला कोणी एक शब्द बोललं नाही.

घरी येऊन माझ्याकडची चावी मशीनवर ठेवली. म्हटलं, "सोडली. मीच उतरलो." कुंदानं पदरानं चावी पुसून खणात ठेवली आणि म्हणाली, "चला, भंडाऱ्याले."

पुन्हा तोच बाक, तीच गर्दी. हा आजार परत येऊ शकतो आणि पुन्हा बराही होतो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. डॉक्टरांचे आभार मानायचे आहेतच, पण त्याआधी मला बायकोचे मानायचे आहेत, आणि आरती म्हणणाऱ्या त्या गाडीचे. चावी परत हातात येईल की नाही, हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. तरी मी घाबरलो नव्हतो.

नर्स बाईंनी "वासुदेव" अशी हाक मारली. पहिल्याच हाकेला मी उठलो. इतक्या झटक्यात उठलो, की बाक, भिंत आणि नर्स बाई सगळ्या मिळून डावीकडे निघाल्या.

मागून कुंदानं माझा हात धरला.

"सावकाश, ड्रायव्हर," ती म्हणाली.