सबनीस काकूंनी न घातलेलं मीठ

सबनीस काकू कुणाकडेही गेल्या की समोर आलेल्या पाण्याचा एक घोट घेत, तो तोंडात फिरवत आणि घरच्यांच्या देखत उठून बेसिनमध्ये थुंकत. मग निकाल देत. आम्ही निजामपुऱ्यातल्या या सोसायटीत राहायला आलो, त्या आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या. आईने आरओचं पाणी दिलं. काकू थुंकून परत आल्या, पदराने ओठ टिपले आणि म्हणाल्या, "मेलंय हे. नाकात बोळे घालून ठेवलंय नुसतं." आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

शाळेत त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही, म्हणून त्यांनी सोसायटीलाच वर्ग केलं. बोरिंगचं पाणी जड होतं, म्हणून सोसायटीने सॉफ्टनर प्लांट बसवला तेव्हा सगळ्या बायका खूश झाल्या. खालच्या मजल्यावरच्या अल्पाबेन म्हणाल्या, "काकू, बघा ना, केस किती मऊ झाले!" काकूंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "झालेत खरे. डोकं आधीपासूनच होतं."

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी कमी बोलते. त्यात इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी बोलताना आधी मनात वाक्य जुळवून पाहते. काकू म्हणायच्या, "तू बोलतेस तेव्हा वाटतं, कुणीतरी आतून हळूच कडी लावून घेतंय." राग यायचा. पण माझ्याकडे इतक्या बारकाईने पाहिलेलं दुसरं माणूसही मला आठवत नाही.

एका उन्हाळ्यात गेटजवळच्या लिंबाच्या झाडाची पानं कडेने जळायला लागली. सगळे म्हणाले, ऊन. काकू झाडापर्यंत गेल्या, मग शेजारच्या वॉचमनच्या खोलीबाहेरच्या नळापाशी. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरली होती. त्यांनी ती नखाने काढली आणि जिभेवर ठेवली. मला हाक मारली. "चल. तू फोन धर. बोलू नकोस, ते तुला जमतं."

पार्किंगच्या मागे पावसाचं पाणी जमिनीत जिरवण्यासाठी खणलेली विहीर होती. काकूंनी झाकण सरकवायला लावलं. आकाशात ढग नव्हता आणि आत पाणी पडत होतं. सॉफ्टनरच्या खोलीतून एक पाइप तिथे आणून सोडला होता.

त्यांनी मला ते दहावीतल्या मुलीला समजावतात तसं समजावलं. सॉफ्टनर पाण्यातला जडपणा धरून ठेवतो. तो भरला की मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो. ते धुणं या विहिरीतून जमिनीत जात होतं, आणि आमचं बोरिंग तिथून हाकेच्या अंतरावर होतं. बोरिंगचं पाणी बिघडलं की प्लांट बघणारा प्लंबर मिठाची आणखी एक गोण ओतायचा. "आपलंच उष्टं उपसायचं आणि परत नळाला आणायचं," काकू म्हणाल्या. "याला हे लोक प्लांट म्हणतात." मग विहिरीत बघत म्हणाल्या, "मीठ कुठे जात नाही, लक्षात ठेव. पाणी उडतं, माणसं जातात. मीठ बसून राहतं."

पाइप विहिरीत का सोडला होता, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. गटाराची लाइन चौकाच्या पलीकडे होती, आणि चौकात गरब्यासाठी नवे ब्लॉक बसवले होते. अनवाणी पायांना टोचू नयेत म्हणून चेअरमन भरतभाईंनी स्वतः उभं राहून ते घासून घेतले होते. कुणालाच ते उखडायचे नव्हते. विहीर जवळ होती, खोल होती आणि वर्षातले आठ महिने रिकामी असायची.

आमच्या घरांत आरओ होते. फक्त गेटजवळच्या खोलीला थेट बोरिंगचा नळ होता. तिथे वॉचमन रमणभाई आणि त्यांची बायको कांता राहायचे. कांताला तेव्हा दिवस गेले होते. तिचे पाय सुजले होते, ब्लडप्रेशर उतरत नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, मीठ बंद, नाहीतर मूल आणि तू, दोघांचं काही खरं नाही.

"मग? खातेस ना चोरून?" काकूंनी तिला विचारलं.

"ना, बेन. दाळपण मोळी खाऊं छुं," कांता म्हणाली. अळणी डाळ खात होती ती, आणि वर तांब्याभर खारं पाणी पीत होती.

काकू त्याच संध्याकाळी भरतभाईंकडे गेल्या. मागण्या साध्या होत्या. रोज सवयीने मीठ ओतायचं नाही, पाणी तपासून लागेल तेव्हाच. संडासाच्या टाकीला मऊ पाणी द्यायचं नाही, तिथे कुणाचे केस धुवायचे नसतात. मग पाइप विहिरीतून काढून गटाराला जोडायचा. "आणि हा क्रम उलटा करू नका," त्या म्हणाल्या. "गटारातलं मीठही शेवटी विश्वामित्री नदीतच जाणार. आधी कमी करा, मग हलवा. आणि कांताला आजपासून कुणाच्या तरी आरओचं पाणी द्या."

भरतभाईंनी हसत विषय नवरात्रानंतर ढकलला. "नवरात्री पछी जोईशुं, काकू."

"भरतभाई, माझ्या वर्गात असतात तर मी तुम्हाला दहावीला बसू दिलं नसतं."

हे त्या जिन्यात, चार लोकांसमोर म्हणाल्या. घरी बसून सौम्यपणे म्हणाल्या असत्या तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही. सौम्यपणा त्यांना खोटेपणा वाटायचा.

काकू रोज दोन वेळा आपल्या आरओचा हंडा भरून कांताला देऊ लागल्या. पण पाइप तसाच राहिला. मग सोसायटीची वार्षिक सभा आली. काकूंनी सगळ्यांसाठी छास केली आहे म्हटल्यावर लोक चकित झाले. मोठं पातेलंभर ताक, वर कोथिंबीर, जिरं. भरतभाईंनी पेला रिकामा केला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "फर्स्ट क्लास, काकू! मीठुं जरा ओछुं."

"मीठ मी घातलंच नाही," काकू म्हणाल्या. "गेटच्या नळाचं पाणी आहे. जे लागतंय ते तुमचं."

कुणीतरी पेला खाली ठेवला, कुणीतरी धावत बाहेर गेलं. मला आतून हसू फुटत होतं. सभा तिथेच संपली असती तर काकू जिंकल्या होत्या.

पण त्यांना धडा पूर्ण करायचा होता. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या कांताला पुढे बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि तिचा घागरा नडगीपर्यंत वर केला. सुजलेल्या पायावर अंगठा दाबला, काढला. मांसात खड्डा राहिला. "बघा. भरतोय का बघा. अल्पा, पुढे ये, तुला लांबून दिसणार नाही." कांताने ओढणीने तोंड झाकून घेतलं होतं. तिचे खांदे हलत होते. रमणभाई लोकांकडे पाठ करून भिंतीकडे बघत उभे होते. काकू दुसऱ्या पायाकडे वळल्या. आपण प्रयोगशाळेत नाही, हे त्यांना दिसलंच नाही.

समितीने तोडगा चटकन काढला. पाइप राहिला, वॉचमन गेला. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, की यापुढे एजन्सीचे गार्ड येतील, खोलीत कुटुंब राहणार नाही, त्यामुळे कुणाच्याही आरोग्याचा प्रश्न उद्भवणार नाही. खाली हात जोडल्याची चिन्हं होती.

टेम्पो आला त्या दिवशी काकू खाली गेल्या. मी मागोमाग गेले. कांता गादीच्या वळकटीवर बसली होती, पोट सांभाळत. काकू म्हणाल्या, "तुझ्या पोरासाठीच मी..."

कांताने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "खारुं तो खारुं, पण घर हतुं ने, बेन." खारं का असेना, घर होतं.

टेम्पो वळेपर्यंत काकू तिथेच उभ्या होत्या. मग तडक भरतभाईंकडे गेल्या. भरतभाई म्हणाले, "माफी मागा सगळ्यांसमोर. मग विचार करू." मला वाटलं, आता ऐकण्यासारखं काहीतरी येईल. काकू म्हणाल्या, "कधी?"

नवरात्रातल्या आरतीच्या आधी, त्याच घासलेल्या ब्लॉकवर, माइकशिवाय त्या उभ्या राहिल्या. चणिया-चोळीतल्या मुली, कुर्त्यातले काका, मांडवाखाली देवी. काकूंनी हात जोडले आणि म्हणाल्या की मी सर्वांचा अपमान केला, मला क्षमा करा, रमणभाईंना परत बोलवा. मागून अल्पाबेनचा आवाज आला, "जरा मोटेथी बोलो, काकू. पाछळ संभळातुं नथी." दोन-चार जण हसले. कुणीतरी फोन वर धरला. काकूंनी तेच सगळं पुन्हा म्हटलं, मोठ्याने, एकही शब्द न गाळता. वर्गात ऐकू येईल अशा आवाजात.

भरतभाईंनी मान हलवली. "सरस. पण एजन्सीवाळा सारं काम करे छे. हवे शुं बदलवानुं?" आता कशाला बदलायचं, असं म्हणून त्यांनी आरतीचं तबक उचललं. काकू हात जोडून तशाच उभ्या राहिल्या. आरती सुरू झाल्यामुळे ते कुणाला विचित्र वाटलं नाही.

त्यानंतर त्या कुणाकडे गेल्या नाहीत. रमणभाईंचा फोन बंद लागायचा. सावली गावाकडे कुठल्याशा बांधकामावर गेले, असं कोणी म्हणायचं, कोणी म्हणायचं दाहोदला गावी. काकू बसने दोनदा सावलीला जाऊन आल्या. एकदा मी बरोबर होते. एकेका साइटवर त्या मुकादमांना विचारत फिरल्या, आणि एकालाही टोचून बोलल्या नाहीत. ते बघणं मला त्यांच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा कठीण गेलं. दिवाळीनंतर मुलगी येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरांतले आरओ एकामागून एक बंद पडले. वॉशिंग मशीन बिघडली, अल्पाबेनच्या नव्या नळांवर पांढरी खपली धरली. तेव्हा दोन दिवसांत चौकाचे ब्लॉक उखडले गेले. पाइप गटाराला जोडला, मीठ तपासून घालायला लागले, संडासाच्या टाकीची लाइन वेगळी केली. सगळं काकूंनी सांगितल्याबरहुकूम. फक्त क्रम उलटा, पाइप आधी, मीठ नंतर. भरतभाईंनी ग्रुपवर फोटो टाकला: 'आपली सोसायटी, पाणी वाचवणारी सोसायटी.' खाली अंगठेच अंगठे.

मी काकूंना फोन केला. मला फोन करणं जमत नाही. काय बोलायचं ते आधी मनात तीनदा म्हणून घेतलं होतं. पाइप काढला, काकू. मीठही कमी केलं. बोरिंगचं पाणी हळूहळू सुधारेल म्हणतात. तुम्ही म्हणत होता ते सगळं झालं.

 त्यांनी विचारलं, "कांताचं काय झालं? मुलगा की मुलगी?"

"माहीत नाही, काकू."

"जगलं का?"

"माहीत नाही."

"मग मला हे कशाला सांगतेयस?" त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.