शिवम्माचा भूकंप

विशाखाची आणि शिवम्माची पहिली भेट झाली, तेव्हा लातूर शहर जमीनदोस्त होत होतं. निदान शिवम्माच्या आवाजावरून तरी तसंच वाटत होतं. हदगावची विशाखा कानाच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागली होती. भाड्याच्या खोलीत ती वळकटी सोडतच होती, तेवढ्यात खालच्या मेसमधून आरोळी उठली, "भूकंप! पळा रे लेकरांनो!" त्या आवाजानं उदगीरच्या किल्ल्यावरची गंजकी तोफसुद्धा दचकून उठली असेल.

पुढच्या क्षणी महाराष्ट्राचे निम्मे भावी डॉक्टर रस्त्यावर होते. कुणाच्या हातात भाकरी, कुणाच्या हातात जीवशास्त्राच्या नोट्स, एक जण नुसत्या टॉवेलवर. अर्धापूरचा मुकुल केळं सोलता सोलता धावला आणि चौकात उभा राहून निवांतपणे खाऊ लागला. विशाखा काखेत उशी आणि एका पायात चप्पल घेऊन जिना उतरली.

लातूर जागच्या जागी होतं. समोरचा चहावाला चहा गाळत होता, एक थेंब इकडचा तिकडे नाही.

"मॅडम, नव्या दिसता," मुकुल म्हणाला. "सवय होईल. अव्वाला चक्कर आली की आम्हाला भूकंप होतो."

अव्वा म्हणजे मेसवाली शिवम्मा. ती दाराची चौकट दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती. डोळे घट्ट मिटलेले, ओठ पांढरे. पोरं हसत हसत पुन्हा ताटावर गेली. विशाखाला मात्र हसू आलं नाही.

किल्लारीच्या बाजूचं शिवम्माचं गाव त्र्याण्णव सालच्या भूकंपात गेलं. गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं. पहाटे जमीन हलली तेव्हा तिला जाग आली. चतुर्दशीचा उपास होता, पोटात काही नव्हतं. शेजारी सात वर्षांची लेक महानंदा उठून बसली आणि म्हणाली, "अव्वा, घर हालायलंय." शिवम्मा म्हणाली, "काही न्हाई ग, माझं डोकं गरगरायलंय. झोप." मग मातीचं माळवद खाली आलं. शिवम्माच्या अंगावर दाराची चौकट आडवी झाली, म्हणून ती तेवढी उरली.

पुढं ती लातूरला आली. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येत होती, गल्लीगल्लीत क्लास निघत होते आणि प्रत्येक क्लासमागं पाच मेस. शिवम्माची आमटी त्यात पहिली आली. पण ती कधी आडवी झोपली नाही. उंबऱ्यावर, चौकटीला पाठ टेकून, बसूनच डुलक्या घ्यायची. स्वयंपाकघरात पितळेची उतरंड रचलेली, वर वाटी, वाटीत चमचा. जमीन हलली तर चमचा वाजेल, हा तिचा हिशोब. मात्र अलीकडे लोणच्याची बरणी काढायला मान वर केली, की सगळं गरकन फिरायचं, आणि चमच्याकडं बघायचं भान राहायचं नाही. एकदा चूक झाली होती. परत नको.

त्यातच उदगीरचे अनंतराव मास्तर आले. मुलगा इथं जेवायला होता.

"बाई, माझ्या पोराचं मन उडालंय. वर्गात बाकडं हललं तरी बाहेर पळतोय! आता एकदा जरी ओरडलात ना, तर उदगीरची सगळी पोरं काढून नेतो."

उदगीरची पोरं म्हणजे अर्धी पंगत. शिवम्मा त्या दिवशी आमटीत मीठ घालायला विसरली.

विशाखा तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, मग विशाखानं समजावलं, "अव्वा, कानाच्या आत बारीक कण असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत शिरलेत. मान हलली की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटतं, जग फिरतंय. मी तुम्हाला आडवं करून, मान वळवून ते जागेवर आणते. औषध नाही, सुई नाही."

"आडवं?"

"हो. मिनिटभर सगळं फिरेल. तेव्हा उठायचं नाही, ओरडायचं नाही."

शिवम्मा म्हणाली, "म्हणजे घर हाललं तरी पडून ऱ्हायाचं. आन् म्हणायचं, काही न्हाई, डोकं हाय."

ती पदर खोचून खुर्चीवरून उठली.

"लई शिकलीस पोरी. पर हे म्या एकदा केलंय."

दोन दिवसांनी विशाखानं उपचाराचीच जागा बदलली. मेसमध्ये उतरंडीशेजारी खाट टाकली. "तुम्ही फक्त चमचा ऐका. वाजला तर मी स्वतः तुम्हाला उचलून पळेन."

"तू? वाऱ्यानं उडशील तू!" असं म्हणत शिवम्मा खाटेवर बसली.

विशाखानं तिची मान उजवीकडं वळवली आणि झटकन मागं निजवलं, डोकं खाटेच्या कडेखाली लोंबतं. क्षणभर काहीच नाही. मग शिवम्माचे डोळे भिरभिरायला लागले. तिनं विशाखाचं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"नंदे, ऊठ! बाहेर पळ, नंदे!"

"चमचा ऐका, अव्वा. वाजतोय का?"

चमचा गप्प होता. भिरभिर ओसरली. विशाखानं मान डावीकडं वळवली, मग तिला कुशीवर केलं, मग उठवून बसवलं. शिवम्मानं उतरंडीकडं बघितलं. चमचा वाटीतच होता.

आठवडाभरानं पुन्हा एकदा तेच केलं आणि गरगर थांबली. तोल सावरायला व्यायाम राहिले. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्यावर रोवायची आणि मान इकडून तिकडं फिरवायची. शिवम्माला एकटीला लाज वाटते म्हणून सगळी पंगत अंगठे धरून माना डोलवू लागली. अनंतराव मास्तर चौकशीला आले, ते दारातूनच परत गेले. पोरं हातची गेली, अशी त्यांची खात्री पटली. पण भूकंप नव्हता, म्हणून पोरं राहिली. शिवम्मा खाटेवर आडवी झोपू लागली.

मग एका दुपारी शिवम्मा पडली असताना चमचा वाजला. आधी नुसता किणकिणला, मग वाटी उडून खाली पडली. खाट थरथरली. पंगतीतली पोरं ताटं टाकून ओरडत बाहेर धावली. विशाखा जिन्यावरून धडपडत आली.

शिवम्मा पडूनच होती. छातीवर हात, डोळे मिटलेले.

"अव्वा, उठा! घर हलतंय!"

"काही न्हाई ग," शिवम्मा शांतपणे म्हणाली. "माझं डोकं हाय. झोप."

आणि मग तिनं डोळे उघडले. समोर महानंदा नव्हती, विशाखा होती.

भूकंप नव्हता, शेजारच्या प्लॉटवर नव्या क्लासच्या इमारतीसाठी बोअरची गाडी लागली होती. त्या दिवसापासून शिवम्मा पुन्हा उंबऱ्याशी बसून झोपू लागली. चक्कर काही परत आली नाही. बोअरला पाणीही लागलं नाही.