बाबांनी न खाल्लेलं तेल

बाबांचे पिवळे डोळे घरात पहिल्यांदा मला दिसले. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर ते पेपर वाचत बसले होते, मी चहा द्यायला गेले आणि त्यांनी मान वर केली. मी म्हटलं डॉक्टर. माझा मोठा भाऊ म्हणाला माळ. पिलिया, म्हणजे कावीळ, म्हटलं की आमच्याकडे आधी माळ.

बुटीबोरीच्या पुढे एका गावात एक म्हातारे गृहस्थ वेलीच्या काड्यांची माळ देतात. आधी ती डोक्यावर टोपीसारखी बसते. काड्या वाळतात तशी सैल होते, गळ्यात येते, मग छातीवर. जितकी माळ उतरली तितकी कावीळ उतरली असं सगळे समजतात. अटी दोनच. तेलातुपाचा थेंब नाही, आणि माळ अंगावर असेपर्यंत कुठल्या मशीनखाली जायचं नाही. मी फार वाद घातला. शेवटी ठरलं की माळ घाला, पण दादाने त्यांना डॉक्टरांकडेही न्यायचं. दादा नेऊन आला आणि म्हणाला, "साधी कावीळ आहे म्हणे. आराम अन् पथ्य." मी विश्वास ठेवला. सख्ख्या भावावर नाही ठेवायचा तर कोणावर?

स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं. उकडलेलं वरण, बिनफोडणीची लौकीची भाजी, कोरडी पोळी. मीही तेच जेवत होते. रश्शावर तेलाची तर्री असल्याशिवाय ज्यांचा घास उतरत नाही ते बाबा मुकाट्याने जेवायचे, आणि मला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

महिन्याभरात माळ छातीवर आली. बाबा मात्र पिवळेच. वाळत चालले होते, आणि अंगाला अशी खाज की कंगव्याने पाठ खाजवायचे. "माळ उतरून राहिली ना, मग?" दादा म्हणायचा.

त्याच सुमारास माझ्या कंपनीत तपासणी शिबिर होतं. आईवडिलांची साखर आणि कोलेस्टेरॉल बघून देणार होते, म्हणून बाबांना घेऊन गेले. रिपोर्ट पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. कोलेस्टेरॉल गेल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट! बाबा रोज सकाळी दादाच्या लकडगंजच्या दुकानात जाऊन बसत. शेजारीच भज्यांची गाडी. मला आणखी काय पुरावा हवा होता?

"बाबा, खरं सांगा. भजे खाऊन राहिले ना तुम्ही?"

"नाही वं."

"मग हे आलं कुठून? मी घरात तेलाचा थेंब नाही टाकून राहिली, अन् तुम्ही मले फसवता?"

बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "जाऊ दे ना, खाल्लं असन एखाद्या वेळी." बाबा यावर काहीच बोलले नाहीत. मी त्याला कबुली समजले आणि आठ दिवस त्यांच्यापुढे ताट नुसतं आदळत होते.

नवव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. दवाखान्यात पहिल्याच तासात सोनोग्राफी झाली. पित्तनळीत खडा अडकला होता. तिथल्या डॉक्टरबाईंना मी तावातावाने भज्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे खाण्याचं कोलेस्टेरॉल नाही. यकृत जास्तीचं कोलेस्टेरॉल पित्तातून बाहेर टाकतं. नळीच बंद, मग ते रक्तात परत येतं. वर यकृत नवीन बनवतच राहतं. त्यांनी महिनाभर नुसतं पाणी प्यायलं असतं तरी हा आकडा वाढला असता. आणि पित्त आतड्यात पोचत नाही, त्यामुळे खाल्लेली चरबी पचत नाही. म्हणून वाळले."

मग त्यांनी दादाने आणलेली फाइल चाळली. "सोनोग्राफी तर पहिल्याच डॉक्टरांनी लिहून दिली होती. तेव्हा का नाही केली?"

चिठ्ठी दीड महिन्यापूर्वीची होती. दादा दारात उभा होता. म्हणाला, "मशीनखाली नेलं असतं तर माळ वाया गेली असती." मी बापाला चोर ठरवत होते तेव्हा तपासणी टाळल्याचं हा जाणून होता, आणि वर त्यानेच माझ्या संशयाला दुजोरा दिला. मला त्याची किळस आली.

दुर्बिणीतून खडा निघाला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांजवळ मी एकटीच होते. माफी मागायची होती. दादाने चिठ्ठी कशी लपवली तेही सांगायचं होतं. मी सुरुवात केली तोच ते म्हणाले, "मले माहीत होतं चिठ्ठीचं."

"मग काहून नाही सांगितलं?"

"तू त्याले बोलली असती."

"अन् मी तुम्हाले बोलली, ते?"

"माझं काय वं," बाबा म्हणाले आणि कूस बदलली.

मी त्यांच्या जिवासाठी घरात एकटी भांडत होते, आणि ते दोघं मिळून मला अंधारात ठेवत होते. न खाल्लेल्या भज्यांचा आळ त्यांनी निमूट घेतला, मुलाला शब्द लागू नये म्हणून. मी माफी मागितली नाही.

तेवढ्यात नर्स पुढच्या उपचारांचा फॉर्म घेऊन आली. पेशंटच्या वतीने निर्णय कोण घेणार, तिथे नाव हवं होतं. मी पेन घ्यायला हात पुढे केला.

"थांबा सिस्टर," बाबा म्हणाले, "माझा मुलगा येऊन राहिला."