ल्युडर्नहोर्स्टचा नऊ-आठ

नाव : टेनब्रिंक, हार्टमुट. वय : एकोणसाठ. व्यवसाय : व्यावसायिक दुहेरी टेनिसपटू, निवृत्त. सर्वोच्च जागतिक क्रमांक : दुहेरीत एकाहत्तर, एकेरीत नोंद आढळत नाही. उजवा गुडघा : बदललेला. दृष्टी : उत्तम, चष्म्याविना. ल्युडर्नहोर्स्ट टेनिस क्लबच्या पंचावन्नच्या वरच्या संघाचे भूषण.

बारा वर्षांच्या कारकिर्दीत हार्टमुटला एकोणतीस जोडीदार झाले, आणि त्यातल्या प्रत्येकाचा त्याला संशय होता. दुहेरीत नेटपाशी उभा असलेला पाठीमागे हात धरून जोडीदाराला बोटांनी खुणा करतो. त्या समोरच्यांना कळतात, असं हार्टमुटला कायम वाटायचं. एका उपांत्य फेरीआधी त्याने सगळ्या खुणा बदलल्या आणि जोडीदाराला सांगितल्या नाहीत, कारण फोडणारा तोच, याची त्याला खात्री होती. सामना पन्नास मिनिटांत हरले. गुपित मात्र फुटलं नाही.

निवृत्तीनंतर तो गावी आला. आमच्या क्लबात त्याच्याबरोबर खेळायला शेवटी एकच माणूस उरला, दातांचा डॉक्टर फोल्कर ओसनकांप. समोरच्या माणसाच्या तक्रारी ऐकत काम करायची त्याला सवय होती.

यंदा शेवटच्या रविवारची लढत हरलो असतो तर संघ खालच्या गटात गेला असता, आणि मग तो बंदच करायचा असं समितीने ठरवलं होतं. दुसऱ्या कुठल्या संघाने हार्टमुटला घेतलं नसतं. त्या गुडघ्यावर एकेरी जमत नाही, आणि दुहेरीला दुसरा माणूस लागतो.

सगळं शेवटच्या दुहेरीवर आलं. आमच्या पातळीवर पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर ते आपण सांगायचं, वाद झाला तर लाल मातीत उमटलेली चेंडूची खूण दाखवायची. हार्टमुट पलीकडे जाऊन त्यांच्याही खुणा वाकून बघत होता. समोरचा ग्रोटे, निवृत्त वनरक्षक, म्हणाला, "या इन्स्पेक्टर. भिंग देऊ का?"

ग्रोटेचे दोन दात फोल्करने बसवले होते. हार्टमुटला ते ठाऊक होतं. बाजू बदलताना तो पुटपुटला, "तुझं गिऱ्हाईक आहे ते."

"अरे, माझ्याकडून खूश होऊन कोण जातं?" फोल्कर म्हणाला.

टायब्रेकमध्ये नऊ-आठ, आमचे नऊ; आणखी एक गुण की सामना आमचा. ग्रोटेने उंच टोलवलेला चेंडू मागच्या रेषेपाशी पडला, थेट फोल्करसमोर. मी नोंदीचा कागद घेऊन मागच्या कुंपणाआड दोन पावलांवर होतो. फोल्करने खाली पाहिलं, तोंड उघडलं. तेवढ्यात नेटपासून हार्टमुट त्या गुडघ्यानिशी धावत आला. "बाहेर."

ग्रोटे बघायला आला. रेषेबाहेर चार बोटांवर एक खूण होती. हार्टमुटने रॅकेटने तिच्याभोवती गोल काढला. ग्रोटेने ती बराच वेळ पाहिली, मग फोल्करकडे पाहिलं. फोल्कर बुटाची नाडी बांधत होता.

"तू म्हणतोस, तर बाहेर," ग्रोटे म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

खेळ संपला की कोर्टावरून एक जड जाळी ओढून माती सारखी करायची असते. क्लबातल्या अकरा वर्षांत हार्टमुटने ती कधी ओढली नव्हती. व्यावसायिकांसाठी ते काम माळी करतात. त्या दिवशी त्याने घामही पुसला नाही. जाळी उचलली आणि मागच्या रेषेपासून सुरुवात केली.

"मी ओढू?" फोल्करने हळूच विचारलं.

"नको. तू कोपरे सोडतोस."

नंतर बटाट्याचं सॅलड खाताखाता दोन्ही कर्णधारांनी नोंदीच्या कागदावर सह्या केल्या. त्यावर मी लिहिलं होतं : निकाल, यजमान विजयी. वर्तन, नियमांना धरून. वादग्रस्त प्रसंग, निरंक.

चेंडू रेषेवर पडला होता.