मोहाखाली थांबलेली शर्यत

मोहाची फुलं पडू लागली की त्या उग्र, गोड वासाने मला म्हातारे लॉर्डसाहेब आठवतात. आमच्या जव्हार संस्थानात ते शिकारीला आले होते आणि टोपीत मोरपीस खोचून मिरवत. विलायतेला परतण्याआधी त्यांना शिरपामाळावर घोड्यांची एक शेवटची शर्यत हवी होती. समोर स्वार म्हणून काका आणि मी. काकांनी दम भरला, "पाहुणे आहेत. पुढं गेलास तर याद राख!"

शर्यत सुटली आणि साहेबांची घोडी वाटेतल्या मोहाखाली थांबून निवांत फुलं खाऊ लागली. मागे आम्हीही लगाम खेचून अदबीने उभे! साहेबांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला, मग मिशा थरथरल्या.

"हे शर्यत हाय की वरात?" ते मोडक्या मराठीत गरजले. "हरवा मला!"

काकांकडे न बघता मी टाच मारली आणि जिंकलो. मागून साहेब टोपी उडवत, पोरासारखे हसत आले.

काल चढावर माझा मुलगा माझ्या गुडघ्यांसाठी मुद्दाम हळू चालू लागला. तेव्हा कळलं, साहेबांचा चेहरा का पडला होता. मी ओरडलो, "अरे, शर्यत आहे की वरात?"